हातभर वरून दिलेला पंप

दर्शनाचे ओठ निळे पडत होते आणि तिची आजी पंप तिच्या तोंडापासून हातभर वर धरून दाबत होती.

पोरगी सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसली होती. मान मागे, तोंड उघडं, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती आणि आत गेलेला बाहेर येत नव्हता. बरगड्यांच्या मधली कातडी खड्डा पडल्यासारखी आत ओढली जात होती. आजी पंप दाबायची. पांढरा फवारा उडायचा, थोडा पोरीच्या नाकावर, थोडा डोळ्यांत, उरलेला वाऱ्यावर.

"ओढ गो, ओढ!" आजी ओरडत होती.

डॉक्टर अनुजाच्या हातात कागद तसाच होता. त्या कागदावर या घराला तिने आत्ताच पैकीच्या पैकी गुण दिले होते.

"आजी, काय करताय? तोंडात द्या तो!"

"तोंडात? उष्टो होतलो!"

आम्ही तिथे का गेलो होतो ते आधी सांगते.

मी आरोग्य केंद्रात अटेंडंट होते. झाडू, पाणी, पेशंटची रांग, डॉक्टरांच्या हाताखाली लागेल ते. शिक्षण चौथी. माहेर हरमलचं, सासर डिचोली तालुक्यात. त्यामुळे दोन्ही बाजूंची घरं मला माहीत आणि दोन्ही बाजूंची तोंडंही.

दमा म्हणजे काय ते मला डॉक्टरांनी सांगितलं ते असं. छातीत झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या असतात. दम्याच्या पोराच्या नळ्या चिडक्या. धूळ, धूर, थंडी, धावपळ लागली की त्या आतून सुजतात आणि आवळतात. त्यावर पंप देतात. बोटाएवढा डबा, प्लास्टिकच्या वाकड्या नळीत बसवलेला. वरून दाबला की औषधाचा फवारा सुटतो. पंप दोन. तपकिरी रोज घ्यायचा, धाप असो नसो. तो सूज धरू देत नाही. निळा धाप लागली की घ्यायचा. तो आवळलेल्या नळ्या सोडवतो. दोन्हींचं औषध छातीत पोचलं पाहिजे. गालावर पोचून उपयोग नाही.

मोठ्या इस्पितळातल्या मुलांच्या डॉक्टरांना एक गोष्ट कळत नव्हती. आमच्या बाजूच्या पोरांना पंप दिलेले होते. तरी तीच तीच पोरं धापा टाकत पुन्हा येत होती. मग ठरलं की घरच्यांना दमा किती कळतो आणि किती सांभाळता येतो ते मोजायचं. घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे आणि बरोबर उत्तराला गुण द्यायचे. त्याला सर्व्हे म्हणतात. त्या सर्व्हेला डॉक्टर अनुजा आली. पणजीत वाढलेली, चष्मा, अंगानं काडी, स्वतःची स्कूटर.

आमच्या केंद्राच्या साहेबांनी मला बोलावलं.

"मावशी, उद्यापासून तू हिच्याबरोबर फिर. घरं तुला माहीत आहेत."

"आणि इथलं झाडणार कोण?"

"बघू."

"बघू म्हणजे मीच, परत येऊन."

साहेब हसले नाहीत. अनुजा हसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, मी कुठे चुकले तर घरच्यांसमोर सांगू नका. मागाहून सांगा."

मी म्हटलं, "मागाहून मी विसरते. समोरच सांगेन."

"बरं," म्हणाली. तिथे आमचं जमलं.

लोखंडाच्या खाणी तेव्हा जोरात चालू होत्या. आम्ही स्कूटरवरून फिरायचो आणि घरी परतलो की दोघींच्या पदराला नि ओढणीला एकच रंग, तांबडा.

लोक उत्तरं चांगली देत. नार्व्याला एक शेतकरी होता. त्याच्या मुलाला दमा. अनुजाने विचारलं, "धुरानं मुलाला त्रास होतो का?"

"होता तर! धूर म्हणजे पोराक वीख." असं म्हणून त्याने हातातल्या विडीची राख झाडली.

"मग ही विडी?" मी विचारलं.

"ही? ही मी भायर ओढतंय."

आम्ही बसलो होतो ते घरात. पोर त्याच्या मांडीला टेकून बसलं होतं. बाहेर पडल्यावर अनुजा म्हणाली, "गुण द्यावाच लागतो, मावशी. उत्तर बरोबर आहे."

हरमलला एक बाई समुद्राजवळ खोल्या भाड्याने द्यायची. चादरी वाळत घालता घालता तिने सगळी उत्तरं दिली. मधेच एक गोरा येऊन बाल्दी मागून गेला, त्याला ती देऊन पुढचं उत्तर. तपकिरी कधी, निळा कधी, सगळं बिनचूक. तिलाही पूर्ण गुण.

अशी घरं वाढत गेली तशी अनुजा खूश व्हायच्या ऐवजी गप्प होत गेली. एकदा स्कूटर थांबवून म्हणाली, "सगळ्यांना एवढं येतं, तर मग पोरं येतात कशाला?"

"परीक्षेत पास झालेली सगळी शहाणी असतात?"

"तसं नाही, मावशी. काहीतरी सुटतंय. मला दिसत नाही."

मलाही दिसत नव्हतं. मी पाणी प्यायले आणि आम्ही पुढे गेलो.

पाळी गावातलं ते घर खाणीच्या रस्त्याला लागून होतं. दोडामार्गच्या बाजूने आलेले दोन भाऊ. थोरला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, धाकटा खाणीत मशीनवर. चूल एक. थोरल्याची मुलगी दर्शना, धाकट्याचा मुलगा रूपेश, दोघांनाही दमा. धाकटी सून माहेरी गेली होती. थोरली सून संजना दाराआड उभी होती. राज्य आजीचं. म्हातारी हाडकुळी, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा.

त्या रस्त्यावर झाडाची पानं हिरवी नसत. पण आजीचं घर पुसून चकचकीत होतं. प्रत्येक जनेलाला, म्हणजे खिडकीला, ओलं फडकं टांगलेलं. आतल्या फळीवर दोन काचेचे कोप, म्हणजे पेले, पालथे घातलेले होते आणि त्यांच्याखाली पंप. निळा एका कोपाखाली, तपकिरी दुसऱ्या कोपाखाली. फळीला हळदीचं बोट लावलेलं. देव्हारा त्याच भिंतीला, वीतभर अंतरावर. असं जपलेलं औषध मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, बाई कडक आहे.

अनुजाने प्रश्न सुरू केले.

"तपकिरी पंप कधी देता?"

"रोज. सकाळी नि सांजचो. चुकूक नाय कधी."

"निळा?"

"धाप लागली काय."

"पंप कसा घ्यायचा ते सांगा बघू."

"डॉक्टरान सांगल्यान तसो. टोपण काढतंव. हलवतंव. श्वास सोडूक सांगतंव. मगे तोंड उघडूक सांगतंव, दाबतंव, आणि ओढूक सांगतंव. मगे श्वास धरून ठेवचो."

अनुजा खुणा करत गेली. टोपण, बरोबर. हलवणं, बरोबर. श्वास सोडणं, दाबणं, ओढणं, धरणं, सगळं बरोबर. ती म्हणाली, "आजी, तुम्हाला पैकीच्या पैकी."

"मगे? मी काय सांगतंय?" आजीने सुनेकडे वळून पाहिलं. "तुका विचारलां असता तर नुसतां तोंड वर केलां असतांस."

तेवढ्यात रस्त्यावर दोन ट्रक एकमेकांना ओलांडून गेले. रस्ता दिसेनासा झाला. शाळा सुटली होती. त्या तांबड्या ढगातून दर्शना धावत बाहेर आली, दप्तर पाठीवर, आणि सोप्याच्या पायरीवर बसली ती बसलीच. आजीने फळीवरून निळा पंप आणला. टोपण काढलं. हलवला. पोरीला श्वास सोडायला सांगितला. तोंड उघडायला सांगितलं. आणि हात उंच करून वरून दाबला.

सांगितलं होतं तस्संच करत होती. एक शब्द खोटा नव्हता.

आमच्याकडे पाणी असंच पितात. तांब्या तोंडाला लावायचा नाही. मान मागे टाकायची, तोंड उघडायचं, वरून धार सोडायची. तांब्या तोंडाला लावला की उष्टा, मग दुसऱ्याने तो घ्यायचा नाही. तांब्याला ओठ लावणारं पोर थोबाडीत खातं. मी स्वतः खाल्ल्या आहेत. त्या घरात पोरं दोन आणि निळा पंप एक. आमच्या केंद्रात पंप मोजके यायचे, एका घराला एकच मिळायचा. दोघांचा एकच पंप म्हणजे दोघांचा एकच तांब्या. आजीने तांब्याचा नियम पंपाला लावला.

अनुजाने पंप आजीच्या हातातून हिसकावला. "दोन बोटं लांब एक वेळ चालेल, आजी. हातभर नाही!" तिने तो दर्शनाच्या तोंडात धरला. "ओठ मिट. मी दाबते, तू ओढ." दाबला. पोरीला ओढायला श्वासच नव्हता. खोकली आणि फवारा नाकातोंडातून बाहेर आला. पुन्हा तेच.

"मावशी, बाटली! प्लास्टिकची, रिकामी!"

मी आत धावले. रिकामी बाटली म्हणून चुलीपाशी एकही नव्हती. एक होती ती आगळाने भरलेली. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, कढीसाठी वर्षभर पुरवून ठेवतात. मी ती मोरीत पालथी केली.

"माझो आगळ!" मागून आजी.

मी बाटली विसळली. अनुजाने आदोळीवर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, बाटलीच्या बुडाला फुलीसारखी चीर दिली आणि पंपाचं तोंड त्यात घुसवलं. बाटलीचं तोंड दर्शनाच्या तोंडात दिलं. यातली गंमत अशी की फवारा आधी बाटलीत भरतो. पोराला नेमक्या क्षणी ओढावं लागत नाही. जमेल तसा, तुटका तुटका श्वास घेतला तरी औषध थोडं थोडं आत जातं.

"ओठ घट्ट. ओढू नकोस. नुसता श्वास घे, सोड. बाटलीतच सोड. घे, सोड." अनुजाचा आवाज एकदम खाली आला होता.

आजी माझ्या खांद्याशी आली. "बाय गो, रूपेशाचो पण तोच पंप आसा. उष्टो..."

"आये, गप बस. उष्टो होवंदे. पोर जगूक व्हया," मी म्हटलं.

आजी मागे सरली. मला वाटतं त्या घरात तिला कोणी पहिल्यांदाच गप्प बस म्हटलं असेल. संजनाने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे येऊन मुलीची पाठ धरली. तोवर ती दाराला चिकटून होती.

अनुजा दाबायची, थांबायची, श्वास होऊ द्यायची, पुन्हा दाबायची. शिट्टी थोडी सैल झाली. पण ओठांचा रंग पालटेना. पोरगी डोळे मिटू लागली.

"हिला ऑक्सिजन हवा. सांखळीच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. मावशी, स्कूटरवरून नको, सगळी धूळ खाईल."

मी रस्त्यावर गेले. खनिजाने भरलेले ट्रक नदीवरच्या धक्क्याकडे चालले होते, एकामागे एक. ट्रीपवर पैसे असतात, त्यामुळे तिथे कोण कोणासाठी थांबत नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. पहिला ट्रक इतका जवळ येऊन थांबला की त्याच्या इंजिनाची ऊब मला तोंडावर लागली.

ड्रायव्हरने मुंडी बाहेर काढली. "मराक इलीस, म्हातारे?"

"मरतलां तां घरात आसा. सांखळीक चल."

"माजी ट्रीप जातली! मागे लायन बघ!"

"जावंदे. तुजी ट्रीप उद्यां पण आसा."

मागचे ट्रक हॉर्न मारायला लागले. एकाने माझ्या आईबापांचा उद्धार केला. मी हलले नाही. मग अनुजा आणि संजना दर्शनाला उचलून आल्या. ड्रायव्हरने तिचं तोंड पाहिलं आणि दार उघडलं. "बसा. काच वर करा." तेवढंच बोलला. तो तिच्या बापाला ओळखत होता, हे मागाहून कळलं.

केबिनमध्ये पोरगी संजनाच्या मांडीवर, बाटली अनुजाच्या हातात. मी दारापाशी, पाय गिअरच्या दांड्यापासून कसेबसे बाजूला घेऊन. भरलेला ट्रक वेगात जात नाही. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो सांखळीपर्यंत काढला नाही.

दवाखान्यात मुखवट्यातून ऑक्सिजन दिला, सुई दिली. नेब्युलायझर लावला. हे औषधाची वाफ करणारं यंत्र असतं, त्यात पोराने काहीच करायचं नसतं, नुसतं जिवंत राहायचं. पुष्कळ वेळ कोणी आम्हाला काही सांगेना. संजना भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी तिला बसायला सांगितलं. बसली नाही. मी बसले.

संध्याकाळी दर्शनाने मुखवटा बाजूला केला आणि पहिलं वाक्य बोलली. "आये, माज्या तोंडात कढीची चव आसा."

तेव्हा संजना बसली.

अनुजा बाहेर व्हरांड्यात कागद घेऊन बसली होती. मी शेजारी टेकले.

"मावशी, म्हातारी खोटं बोलली नाही. हलवते म्हणाली, हलवत होती. दाबते म्हणाली, दाबत होती. कुठे धरता, हे मी विचारलं नाही. कारण ते विचारायचं असतं हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. असं आणखी काय काय असेल ते मला घरी बसून कसं सुचणार?"

"मग आता?"

"आता विचारायचं नाही. बघायचं. सगळी घरं पुन्हा."

"सगळी?"

"सगळी. हरमलपासून."

मला त्या वेळी घरी जाऊन पेज प्यायची होती. पण तिचं तोंड बघून मी हो म्हटलं.

साहेबांना ते पटलं नाही.

"झालेली घरं पुन्हा? पेट्रोल कोण देणार?"

"मी घालते," अनुजा म्हणाली.

"तुमच्या इस्पितळातल्या सरांना विचारलंत?"

"विचारलं. ते म्हणाले, आकडे चांगले आलेत, आता लिहायला बस."

"मग बसा की."

"सर, पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या घरातली मुलगी काल माझ्या हातात मरायला टेकली होती. हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

साहेब म्हणाले, "आणि पुन्हा मोजून गुण कमी आले तर? आपल्या केंद्राचं नाव खराब होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "नावाला काय दमा नाही."

"मावशी, तू झाडायला जा."

मी झाडून घेतलं आणि मग आम्ही निघालो.

आता अनुजा आधी काही विचारायची नाही. सोप्यावर बसली की म्हणायची, "पंप आणा. आणि रोज करता तसं करून दाखवा." बस्. एवढ्यावर सगळं उघडं पडायला लागलं. नार्व्याच्या त्या विडीवाल्याने टोपण न काढताच पोराच्या तोंडात पंप दिला. आपण काय केलं ते त्याला अजून कळलं नव्हतं, तो आमच्याकडे शाबासकीसाठी बघत होता. एका घरात दाबायचे आधी आणि पोर श्वास ओढायचं मागाहून, निवांत. एका घरातला डबा रिकामा होता, नुसती हवा फुसफुसायची, आणि ते तसाच रोज देत होते. हरमलच्या बाईने दाखवलं बरोबर. पण पंप आणायला तिला खोल्यांच्या चाव्यांचं जुडगं सोडावं लागलं, कारण पंप त्यालाच बांधलेला. ती दिवसभर भाड्याच्या खोल्यांवर कामाला, पंप तिच्या कमरेला आणि पोर घरी. हे कागदावरच्या कुठल्या प्रश्नात बसत नव्हतं.

आणि वरून पाणी पितात तसा पंप देणारी घरं आणखीही निघाली. आजी काही एकटी नव्हती. जिथे पोरं दोन आणि पंप एक, तिथे बहुतेक तसंच.

लोकांना हे आवडलं नाही. विचारलं की माणूस खुर्ची देतो, चहा देतो. दाखव म्हटलं की तोंड वाकडं करतो. एका बापाने अनुजाला सरळ सांगितलं, "तू काय आमची परीक्षा घेवंक इलीस? लगीन झालांहा तुजां? पोरां आसत?" ती म्हणाली, "नाहीत. म्हणून तर तुमचं बघते. दाखवा." तो चिडून दाखवायला लागला आणि चुकला. मग अर्धा तास तिच्यासमोर बसून शिकला. त्या दिवसांत ती पोर मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कडक निघाली.

शेवटी पाळीच्या घरी गेलो. दर्शना घरी आली होती. रूपेश तिच्या दप्तराशी खेळत होता. आजी खांबाला टेकून बसली होती. आम्हाला बघून उठली नाही.

"आजी, पंप आणा," अनुजा म्हणाली.

"कशाक? माजे गुण काढून घेवंक?"

फळीवर पालथा कोप तसाच होता. पण निळा पंप त्याच्याखाली नव्हता. तो चुलीपाशी एका कोपऱ्यात टाकला होता, उष्ट्या भांड्यांबरोबर.

"तो आता उष्टो," आजी म्हणाली. "दर्शनाच्या तोंडात गेलोहा. रूपेशाक कसो देवचो?"

मला संताप आला. पोरगी मरता मरता वाचली, आणि हिचं उष्टं काही सुटत नाही. मी बोलणार होते. अनुजाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तीच म्हणाली, "आजी, देवाजवळ का ठेवला होतात पंप?"

आजीने मान रस्त्याकडे वळवली. रस्त्यावरून ट्रक जात होते. मग म्हणाली, "माका तीन झील होते. धाकलो चंदू. तेका असोच दमो. तेव्हा पंप-बिंप काय नाय. धुरी घातली. देवीक कौल लावलो. पाकळी उजवी पडली, देवीन हो म्हटल्यान. तरी गेलो. ह्याच पोरीएवढो होतो."

संजना दारात उभी होती. तिलाही हे ठाऊक नसावं, कारण तिने डोकं वर केलं.

"ह्या पोरांक पंप गावलो तेव्हा मी म्हटलंय, ही वस्तू देवाची. चंदूच्या वेळार नव्हती, आता इली. ती उष्टी करूची नाय. कोणाच्या तोंडाक लावूची नाय."

धुरी म्हणजे धूप जाळून धूर देणं. दम्याच्या पोराला धूर. पण ते तिला आता सांगून काय होणार होतं? अनुजानेही सांगितलं नाही.

तिने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. बुडाला भोकं आधीच पाडून, कडा जाळून गुळगुळीत करून आणलेल्या. एकीला लाल दोरा, एकीला पिवळा. म्हणाली, "आजी, बघा. पंप इथे बुडात बसतो. पोराचं तोंड ह्या टोकाला. लाल बाटली दर्शनाची, पिवळी रूपेशची. पोराचं तोंड बाटलीला लागतं. पंपाला लागत नाही."

आजीने बाटली हातात घेतली. उलटीसुलटी करून बघितली. पंपाचं तोंड घालून बघितलं, काढून बघितलं.

"म्हणजे उष्टी बाटली."

"हो."

"पंप नाय."

"पंप नाही."

"प्रत्येकाची बाटली वेगळी."

"वेगळी."

आजीने संजनाला हाक मारली. "तो पंप घेवन ये. नळी वेगळी काढून धू, डब्याक पाणी लावू नको. आणि कोप पण धू." मग अनुजाकडे वळली. "असां आधी सांगूक जीभ झडली होती तुमची?"

"आधी आम्हालाच सुचलं नव्हतं, आजी."

"हां," आजी म्हणाली. तेवढ्यावर तिचं समाधान झालं.

मग तिने दाखवलं. रूपेशला मांडीवर घेतलं, पिवळी बाटली तोंडात दिली, ओठ बोटाने दाबून बंद केले, दाबला, आणि श्वास मोजायला त्यालाच लावलं. कुठे चुकली नाही. अनुजाने गुण लिहिले. आजीने विचारलं, "किती?" तिने सांगितलं. "आधी होते तितकेच?" "तितकेच." "मगे!" आजीने सुनेकडे पाहिलं. पण या वेळी पिवळी बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "आता तू दाखव."

गुण एकूण पुष्कळ खाली आले. अनुजाने खाली आलेलेच लिहिले. तिच्या सरांशी तिचं वाजलं, पण तिने आकडे बदलले नाहीत. पुढे आमच्या केंद्रात दम्याच्या पोराला पंप देताना आईबापांकडून आधी करून घ्यायची पद्धत पडली आणि दोन पोरांच्या घराला दोन पंप मिळायला लागले. साहेबांनी बाटल्या गोळा करायचं काम मला दिलं. लग्नाच्या मांडवामागून मी त्या आणायची. लोक हसायचे. हसू देत.

यातून मी शिकले ते एवढंच. येतं का विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि बहुतेक जण खोटं बोलत नसतात. करून दाखव म्हणावं. हे पंपाला लागू आहे, तसं भाकरीला नि देवपूजेलाही.

पुढे खाणी बंद पडल्या आणि खाणीचा रस्ता शांत झाला. झाडांची पानं हिरवी दिसायला लागली. आजी म्हातारपणाने गेली, श्वासाचा काही त्रास न होता. त्या घरात दम्याची तीन पोरं झाली. चंदू गेला. दर्शना आणि रूपेश जगले.